फोटोत अशी खूण लपवता येते का, की फेरफार झाला तर तीच सांगेल?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई सोडली तर माझं निम्मं काम पंचनाम्याचं, विम्याचं आणि बँकेच्या मूल्यांकनाचं असतं. २०१९ च्या पुराचं पाणी ओसरलं तेव्हा महिनाभर दुसरं काहीच केलं नाही. भिंतीला टेप लावायची, पाण्याची रेघ किती फुटांवर आहे ते दिसेल असा फोटो काढायचा आणि पुढच्या घरी जायचं.

यंदाच्या पावसात एका आजींच्या घराची भिंत खचली. स्वयंपाकघराच्या दारावरून निघालेला तडा थेट खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत गेलाय, माझी करंगळी आत जाते एवढा. मी १४ फोटो काढून दिले. तीन महिन्यांनी दावा नामंजूर झाला. नातवानं कागदपत्रांची प्रत मिळवली आणि ती घेऊन माझ्याकडे आला. त्यातल्या फोटोच्या प्रिंटवर तडाच नाही. दार आहे, दारावरचं तोरण आहे, खिडकी आहे, आणि मधे सपाट गिलावा. कोपऱ्यात माझ्या स्टुडिओचं नाव मात्र जसंच्या तसं.

हे कुणी केलं ते मला माहीत नाही आणि इथे कुणाचं नाव घ्यायचं नाही. पण माझं नाव त्या खोट्या भिंतीखाली साक्षीदारासारखं उभं राहिलं, ते काही केल्या डोक्यातून जात नाही. नाव टाकतो ते फोटो चोरीला जाऊ नये म्हणून. त्याच नावानं उलट फोटो खरा असल्याचा भास झाला.

फोटोच्या आत, डोळ्याला न दिसणारी अशी काही खूण घालता येते का, की कुणी तडा पुसला तर ती खूणच मोडेल आणि नेमकं कुठे हात लागला ते कळेल? मी बारावीपर्यंत शिकलोय, संगणक चालवता येतो. समजेल असं सांगा.

चिन्हशोध | सोमवार, रात्री ११:३०

दादा, येते. माझ्या एमईच्या प्रबंधाचा विषयच हा होता, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक घोळ दूर करू. ‘डिजिटल वॉटरमार्क’ या एकाच नावाखाली अगदी उलट स्वभावाच्या दोन गोष्टी येतात. एक चिवट खूण. गोंदणासारखी. फोटो लहान करा, कापा, प्रिंट काढून पुन्हा स्कॅन करा, ती टिकली पाहिजे. मालकी सांगायला ती वापरतात. दुसरी नाजूक खूण. ती नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी असते. कुणी पाय टाकला की ठसा उमटतो, आणि कुठे टाकला तेही दिसतं. तुम्हाला हवी ती ही दुसरी. तिचं मोडणं हेच तिचं काम.

आता ती घालतात कशी. कृष्णधवल फोटोतला एक ठिपका घ्या. त्याचा उजेड ० ते २५५ मधल्या एका आकड्यानं लिहिलेला असतो. समजा १५६. संगणकाच्या भाषेत १००१११००. यातला प्रत्येक ० किंवा १ म्हणजे एक बिट. शेवटचा बिट ० चा १ केला तर आकडा होतो १५७. १५६ आणि १५७ यांतला फरक तुम्हालाच काय, कुणालाच डोळ्यांनी दिसणार नाही. म्हणजे प्रत्येक ठिपक्यात एक बिट लपवण्याइतकी जागा फुकट मिळते.

फोटोच्या ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटी पाडायच्या. एका चौकटीत ६४ ठिपके. प्रत्येकाचे वरचे सात बिट घ्यायचे, त्यात तुमची गुप्त चावी, म्हणजे फक्त तुम्हाला माहीत असलेला मोठा आकडा, मिसळायची आणि त्यांचा हॅश काढायचा, म्हणजे त्या मजकुरावरून गणितानं निघणारा एक ठसा. त्यातले ६४ बिट घेऊन त्याच ६४ ठिपक्यांच्या शेवटच्या जागी बसवायचे. झालं. चौकट स्वतःचीच साक्ष पोटात घेऊन बसली. उद्या कुणी गिलावा चढवला की वरचे सात बिट बदलतील, ठसा वेगळा निघेल, पोटातल्या साक्षीशी जुळणार नाही. तपासणारा प्रोग्राम तेवढ्या चौकटी लाल करून दाखवतो. बदललेली चौकट योगायोगानं जुळण्याची शक्यता २ च्या ६४ व्या घातात एक.

ही कल्पना १९९० च्या दशकातली. १९९७ मध्ये यंग आणि मिन्टझर यांनी फोटो पडताळण्यासाठी अदृश्य खुणेची पद्धत मांडली. वर सांगितलेली हॅशची घडण १९९८ च्या वाँग यांच्या पद्धतीच्या जवळची आहे.

नाशिकरोड_अण्णा | मंगळवार, सकाळी ६:१५

मी नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालो. डिजिटलमधलं मला कळत नाही, पण मूळ वॉटरमार्क आयुष्यभर हाताळला, म्हणून दोन शब्द.

लोकांना वाटतं नोटेवरचा गांधीजींचा पुसट चेहरा छापलेला असतो. तो छापत नाहीत. कागद ओला लगदा असतानाच साच्यावर कुठे तंतू जास्त बसतात, कुठे कमी. जाड तिथे काळोख, पातळ तिथे उजेड. नाशिकरोडला शाई लागण्याच्या कितीतरी आधी तो चेहरा कागदात असतो. इटलीतल्या फाब्रियानोच्या कागदवाल्यांनी तेराव्या शतकात ही युक्ती काढली, तिचं तत्त्व आजही तेच. म्हणून खरवडून निघत नाही. निघायचा तर कागदच फाटेल.

कृष्णाकाठ, तुमचं कोपऱ्यातलं नाव ही वरची शाई. ती कागदाबद्दल काहीच सांगत नाही. चिन्हशोधताई म्हणतात ते मला ओल्या लगद्यातल्या चेहऱ्यासारखं वाटतं. पण मग माझा प्रश्न असा, की तुमचा लगदा ओला केव्हा असतो? आमच्याकडे कागद तयार झाल्यावर चेहरा घालता येत नाही. तुमच्याकडे फोटो काढल्यावर किती वेळानं खूण घालणार, आणि तोवर तो कुणाच्या हातात असणार?

साधा_प्रश्न | मंगळवार, सकाळी ९:०५

एवढी खटपट कशाला? अख्ख्या फाइलचा एसएचए-२५६ (हॅश काढायची एक प्रचलित पद्धत) हॅश काढा, वहीत लिहून ठेवा. एक बिट बदलला तरी हॅश बदलतो. फुकट आहे, दोन सेकंदांत होतं.

चिन्हशोध | मंगळवार, दुपारी १:२०

बरोबर आहे, आणि हॅश काढायचाच. पण हॅश फक्त ‘बदललं’ किंवा ‘नाही बदललं’ एवढंच सांगतो. कुणी फाइलमधली तारखेची नोंद दुरुस्त केली तरी बदलला, तडा पुसला तरी बदलला. समोरचा म्हणणार, ‘आम्ही फक्त उघडून सेव्ह केला हो.’ खूण सांगते की बदल दाराच्या वरून खिडकीपर्यंतच्या पट्ट्यात झालाय आणि बाकीची भिंत जशीच्या तशी आहे. दादांच्या बाबतीत सगळा वाद त्या पट्ट्याचाच आहे.

१९९९ मध्ये फ्रिड्रिच आणि गोल्यान यांनी तर पुढची पायरी गाठली. प्रत्येक चौकटीची बारीक, दाबलेली नक्कल फोटोतल्याच दूरच्या दुसऱ्या चौकटीत लपवायची. एक भाग पुसला गेला तर दुसरीकडच्या नकलेवरून तो धूसर का होईना पुन्हा उभा करता येतो. पुसलेला तडा परत दिसतो! हे मी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा प्रयोगशाळेत एकटीच होते आणि उठून मैत्रिणींना बोलवायला धावले होते.

अण्णा, तुमचा प्रश्न या सगळ्या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे. खूण जिथे घातली तिथपासून पुढचंच ती सांगते. त्याच्या आधीचं नाही. दादा कार्डातून संगणकावर फोटो घेऊन मग खूण घालणार असतील, तर मधला वेळ उघडाच राहतो.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णांचं वाचून दिवसभर विचार करत होतो. मधल्या वेळात फोटो माझ्याच हातात असतो. म्हणजे उद्या मलाच विचारतील, तूच फोटोत तडा रंगवून मग खूण घातली नाहीस कशावरून?

दुसरं, दाव्याच्या फाइलमध्ये प्रिंट होती. प्रिंटवर ही खूण कशी तपासायची?

वकिली_डायरी | बुधवार, सकाळी ८:३०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, कारण उलटतपासणीत तो येणारच.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. जुन्या कायद्यातल्या कलम ६५ब ची जागा आता कलम ६३ ने घेतली. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिला आहे. भाग ‘अ’ नोंद सादर करणाऱ्यानं भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञानं. दोन्हींत हॅशची किंमत आणि तो कोणत्या पद्धतीनं काढला ते लिहावं लागतं. छुप्या खुणेचा उल्लेख तिथे नाही. त्यामुळे खूण म्हणजे प्रमाणपत्राचा पर्याय, असं कुणी समजू नये. खुणेबद्दल तज्ज्ञ बोलेल, आणि तज्ज्ञाचं मत म्हणूनच ते न्यायालयापुढे येईल.

प्रमाणपत्राचं महत्त्व आपल्याच जालन्याच्या खटल्यानं देशाला शिकवलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याचा निकाल २९६ मतांनी लागला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आले की नंतर, यावर वाद झाला आणि सगळी भिस्त निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन पडली. सीडी मिळाल्या, पण मागूनही प्रमाणपत्र मिळेना. प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या जुलै २०२० च्या निकालात न्यायालयानं स्पष्ट केलं की प्रत दाखल करताना प्रमाणपत्र अनिवार्य आहे, आणि मूळ उपकरणच हजर केलं तर त्याची गरज नाही.

ते ‘मूळ’ तुमच्याकडे आहे, कृष्णाकाठ. कॅमेऱ्यातलं कार्ड. ते पुसू नका. नवं कार्ड काही शे रुपयांना येतं. पंचनाम्याच्या कामाला वेगळं कार्ड ठेवा, काम झालं की पाकिटात घालून वर तारीख आणि पंचांच्या सह्या घ्या. आणि जागेवरच, सगळ्यांसमोर हॅश काढून पंचनाम्यात लिहा. त्यानं तुमचा ‘मधला वेळ’ दिवसांवरून मिनिटांवर येतो.

साधा_प्रश्न | बुधवार, सकाळी ९:१०

६४ अक्षरं हातानं लिहायची? पहिली आठ आणि शेवटची आठ पुरेत की.

चिन्हशोध | बुधवार, सकाळी ९:४०

नको, पूर्ण लिहा. सोळा अक्षरं म्हणजे ६४ बिट. एकाच माणसानं एकाच सोळा अक्षरांचे दोन वेगळे फोटो आधीच तयार करून ठेवायचं ठरवलं, तर साधारण ४ अब्ज प्रयत्न लागतात, आणि आजच्या संगणकाला ते मुळीच अवघड नाही. पूर्ण ६४ अक्षरांना ते जमत नाही. लिहायचा कंटाळा असेल तर तिथल्या तिथे तो हॅश घरमालकाला आणि साहेबांना ईमेल करा. वेळेची नोंद आपोआप होते आणि एकच प्रत तुमच्याकडे पडून राहत नाही.

आता प्रिंटचं. नाजूक खूण प्रिंटवर उरत नाही, हे मान्यच करायला हवं. शाई, कागद, स्कॅनर यातून जाताना शेवटच्या बिटांचा मागमूसही राहत नाही. म्हणून तिथे चिवट खूण कामाला येते. तिच्यात फक्त फोटोचा क्रमांक लपवायचा. ही जुनी गोष्ट आहे, डिजिमार्क कंपनीची अशी खूण १९९६ पासून फोटोशॉपमध्ये घालता यायची. पुसलेल्या प्रिंटवरूनही स्कॅन करून क्रमांक वाचता आला की तुमच्याकडचा त्या क्रमांकाचा मूळ फोटो काढायचा आणि शेजारी ठेवायचा. चिवट खूण मुळापर्यंत नेते, मूळ खरं आहे हे नाजूक खूण दाखवते. आधी चिवट घालायची, नंतर नाजूक. उलट केलं तर दुसरी पहिलीला मोडते.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:५५

मी एका दैनिकात उपसंपादक आहे. आमच्याकडे वाचकांचे, वार्ताहरांचे फोटो व्हॉट्सॲपवरच येतात, आणि व्हॉट्सॲप फोटो लहान करतं, पुन्हा दाबतं, आतली माहिती काढून टाकतं. म्हणजे नाजूक खूण आमच्या टेबलावर येईपर्यंत शंभर टक्के मोडलेली. प्रामाणिक माणसाचा फोटोही लाल, लबाडाचाही लाल. मग उपयोग काय?

हे मी मोडता घालायला विचारत नाही. २००६ मध्ये बैरूतवरच्या हल्ल्याच्या एका फोटोत धुराचे लोट क्लोन टूलनं, म्हणजे फोटोतला एक भाग उचलून दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनानं, वाढवलेले निघाले, तेव्हा रॉयटर्स वृत्तसंस्थेनं त्या छायाचित्रकाराचे ९२० फोटो विक्रीतून काढले. ती फसवणूक ब्लॉगवाल्यांनी नुसत्या नजरेनं पकडली होती, कारण धुराचे गोळे एकसारखे दिसत होते. आज तेवढं ढोबळ काम कुणी करत नाही. आम्हाला रात्री साडेअकराला, पान सोडायच्या आधी दहा मिनिटांत ठरवायचं असतं. आम्हाला हे खरंच हवंय.

चिन्हशोध | गुरुवार, सकाळी ७:५०

यावरच संशोधकांनी सगळ्यात जास्त डोकं लढवलंय. साधं दाबणं चालेल पण मजकूर बदलला तर मोडेल अशी ‘निम-नाजूक’ खूण. त्यातली मला सगळ्यात आवडणारी कल्पना कोलंबिया विद्यापीठातल्या लिन आणि चँग यांची.

जेपीईजी ही फोटो दाबून फाइल लहान करायची नेहमीची पद्धत. ती फोटोला ८ बाय ८ च्या चौकटीत तोडते, प्रत्येक चौकटीचे ६४ आकडे काढते, ठरलेल्या संख्येनं भागते आणि जवळच्या पूर्णांकावर आणते. सगळ्या चौकटींना भागायच्या संख्या त्याच. आता बाजारात दोन पोती तोला. एक ५२.४ किलो, एक ५१.८. काट्यावर फक्त पूर्ण किलो दिसतात, म्हणून दोन्ही ५२. फरक मिटला, पण हलकं पोतं जड ठरलं असं कधीच होणार नाही. जेपीईजीचंही तसंच. दोन चौकटींतल्या एकाच जागेच्या आकड्यांत आधी पहिला मोठा असेल, तर दाबल्यावर तो मोठा राहील किंवा बरोबरीत येईल, लहान होणार नाही. मग खूण म्हणून आकडे कशाला लपवायचे? कोणती चौकट कुणापेक्षा मोठी, एवढीच नोंद लपवायची. फोटो दाबला तरी ती टिकते. भिंतीवर गिलावा चढवला तर नाती उलटतात आणि पकडलं जातं.

पण रात्रपाळी, तुमच्या अडचणीवर हे पूर्ण औषध नाही. व्हॉट्सॲप नुसतं दाबत नाही, फोटोचं मापही बदलतं, आणि माप बदललं की चौकटींची जाळीच सरकते. वार्ताहरांना एकच सवय लावा. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा. मग फाइल जशीच्या तशी येते.

कुलूपकिल्ली | गुरुवार, दुपारी ४:१०

सुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो. चिन्हशोध यांचं सगळं पटलं, पण पहिल्या प्रतिसादातल्या पद्धतीत एक भोक आहे ते सांगायलाच हवं, कारण कृष्णाकाठ ती उद्या वापरतील.

तुम्ही एकाच चावीनं शंभर घरांचे फोटो खूण घालून दिलेत. त्यातल्या एका घराची भिंत धडधाकट आहे. मी त्या फोटोतल्या भिंतीच्या चौकटी उचलल्या आणि आजींच्या फोटोत तड्याच्या जागी बसवल्या. प्रत्येक चौकट स्वतःच्या साक्षीशी जुळते, कारण ती तुमच्याच चावीनं बनलेली आहे. एकही चौकट लाल होणार नाही! हॉलिमन आणि मेमन यांनी २००० मध्ये हा हल्ला मांडला. उपाय सोपा आहे. हॅश काढताना चौकटीची जागा आणि फोटोचा स्वतंत्र क्रमांक दोन्ही मिसळा. मग दुसऱ्या फोटोतली चौकट इथे परकी ठरते.

दुसरं, चावी. पद्धत गुप्त ठेवून काही मिळत नाही, ती शत्रूला माहीत आहे असं धरूनच चालायचं, हे कर्कहॉफ्सनं १८८३ मध्ये लिहून ठेवलंय. गुप्त असते ती फक्त चावी. कॅनननं पडताळणीची सोय कॅमेऱ्यातच दिली होती. २०१० मध्ये एल्कॉमसॉफ्ट या कंपनीच्या लोकांनी कॅमेऱ्यातून ती चावी काढली आणि चंद्रावर सोव्हिएत झेंडा रोवणाऱ्या अंतराळवीराचा फोटो ‘अस्सल’ म्हणून पास करून दाखवला. पुढच्या वर्षी निकॉनचीही तीच गत. ती ठिपक्यांत लपवलेली खूण नव्हती, फोटोला जोडलेली डिजिटल सही होती, पण धडा एकच. आणि ज्याला तपासायला तुमची गुप्त चावी दिलीत, त्याला खोटी खूण घालायचीही मुभा दिलीत. म्हणून जोडचावी वापरा. घालायची चावी तुमच्याकडे, तपासायची सगळ्यांना.

कॅमेऱ्यानंच सही करावी ही कल्पना १९९३ पासूनची आहे. २०२१ मध्ये अडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी मिळून सीटूपीए नावाचं, फोटो कुठून आला आणि त्यात काय बदललं ते नोंदवणारं मानक सुरू केलं, २०२३ मध्ये लायकाचा एम११-पी कॅमेरा हे घेऊन बाजारात आला. अण्णांचा ओला लगदा तो हाच. शटर दाबल्याक्षणी. फक्त ती माहिती फोटोला जोडलेली असते, स्क्रीनशॉट काढला की गळून पडते. म्हणून लपवलेल्या खुणेची जोड लागतेच.

क्षकिरण | गुरुवार, रात्री ८:२०

सीटी स्कॅन विभागात तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे वेगळंच दुखणं. फोटोत १५६ चा १५७ झाला तर कुणाचं काही बिघडत नाही. स्कॅनमध्ये आम्ही एकही आकडा बदलायला तयार नसतो, कारण डॉक्टर त्या आकड्यावर निदान करतात. म्हणून दोन वाटा. एक तर शरीराबाहेरच्या काळ्या भागातच खूण घालायची. नाहीतर उलटवता येणारी खूण, जी तपासून झाल्यावर पूर्ण काढता येते आणि प्रत्येक आकडा मूळ जागी येतो.

भीती खोटी नाही. २०१९ मध्ये इस्रायलमधल्या बेन गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये कर्करोगाच्या गाठी घालून आणि काढून दाखवल्या. काही न सांगता तीन रेडिओलॉजिस्टना दाखवल्यावर घातलेल्या गाठी ९९ टक्के वेळा खऱ्या समजल्या गेल्या, आणि गाठी काढल्या तिथे ९४ टक्के वेळा रुग्ण निरोगी ठरला. ते वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मशीनसमोर बसताना हात जड झाला होता.

ग्रामसभा_सदस्य | गुरुवार, रात्री ९:००

आवाजाचं काय? आमच्याकडे ग्रामसभेचं रेकॉर्डिंग करतो. नंतर ‘मी असं बोललोच नाही, कापून जोडलंय’ हे ठरलेलं.

चिन्हशोध | गुरुवार, रात्री १०:१५

काका, आवाजात खूण घालण्याचा इतिहास फोटोपेक्षाही जुना आहे. मुझॅक कंपनीच्या हेम्ब्रुकनं १९५४ मध्येच संगीतात ओळखखूण लपवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.

पण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये बहुधा आपोआप पडलेली एक खूण आहे. विजेची गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची, पण ती कायम काटेकोर ५० नसते, क्षणाक्षणाला किंचित वरखाली होते, आणि देशभराचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, एकत्र जोडलेलं असल्यानं सगळीकडे सारखीच होते. विजेवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरजवळ ध्वनिमुद्रण केलं की ती लय आत उतरते. मधली वाक्यं कापली की लय तिथे उडी मारते. न्यायवैद्यक तपासणीत ही पद्धत वापरतात. तोवर तुम्ही एवढंच करा, मूळ फाइल वेव्हमध्ये (आवाज न दाबणाऱ्या प्रकारात) ठेवा आणि सभा संपताच हॅश सगळ्यांसमोर वाचून वहीत लिहा.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०:०५

चार दिवस दिसलो नाही, कारण करून बघत होतो. चिन्हशोधताईंनी व्यक्तिगत निरोपातून छोटा प्रोग्राम पाठवला, कुलूपकिल्ली यांनी सांगितलेली दुरुस्ती त्यात आहे.

आजींच्या घरी जाऊन त्याच भिंतीचा, त्याच जागी उभं राहून पुन्हा फोटो काढला. ६००० बाय ४००० ठिपके, म्हणजे ३ लाख ७५ हजार चौकटी. खूण घातली, पीएनजीमध्ये, म्हणजे एकही ठिपका न बदलणाऱ्या प्रकारात ठेवला, कारण जेपीईजी केलं की सगळं जातं. मग स्वतःच क्लोन टूल घेऊन तडा पुसला. फार वाईट वाटलं. चार मिनिटांत होतं ते काम.

पहिल्या तपासणीत अख्खा फोटो लाल आला. घाबरलो. संध्याकाळभर शोधल्यावर कळलं की सेव्ह करताना माझं सॉफ्टवेअर रंगांचं प्रोफाइल बदलत होतं, त्यामुळे प्रत्येक ठिपका हलला होता. ते बंद केलं, पुन्हा पुसला, पुन्हा तपासला. या वेळी भिंत स्वच्छ, आणि दारावरून खिडकीपर्यंत लाल चौकटींची वाकडी रेघ. तोरणाजवळ दोन सुट्या चौकटीही लाल होत्या. आधी वाटलं प्रोग्राम चुकला. मग आठवलं, तिथे माझा ब्रश चुकून टेकला होता.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला, सगळा लाल. डॉक्युमेंट म्हणून पाठवला, एकही नाही. शेजारच्या घराच्या भिंतीचा तुकडा आणून बसवला, तोही पकडला.

आजींच्या जुन्या फोटोंत खूण नाही, ते आता बदलता येणार नाही. पण स्टुडिओच्या संगणकावर चौदाही मूळ फाइली आहेत. वकिली_डायरी यांनी प्रमाणपत्राचा नमुना समजावून सांगितला, भाग ‘अ’ मी भरलाय. दाव्याच्या फेरविचाराचा अर्ज नातवानं शुक्रवारी दिला.

लाल रेघेची प्रिंट घेऊन आजींकडे गेलो होतो. हे काय आहे ते सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हातातून कागद घेतला, खिडकीजवळ नेला आणि रेघेवरून बोट फिरवत म्हणाल्या, ‘ह्यो बघ, ह्योच तडा.’

उद्या दोन नवी कार्डं आणि पाकिटं घेतोय. बुधवारी नदीकाठच्या ११ घरांचं काम आहे.